कंपाचे मूळ : जुन्या मोटारींच्या इंजिनातील असंतुलनाचे निदान

फिरणाऱ्या प्रत्येक यंत्रभागाच्या बाबतीत दोन अक्षांचा विचार करावा लागतो. पहिला अक्ष बेअरिंगांनी ठरवून दिलेला असतो आणि तो भाग प्रत्यक्षात त्याच्याभोवतीच फिरतो. दुसरा अक्ष त्या भागातील वस्तुमानाच्या वाटणीवरून ठरतो आणि तो भाग मोकळा सोडला, तर याच अक्षाभोवती फिरू पाहतो. हे दोन्ही अक्ष जुळलेले असले, की बेअरिंगांवर केवळ भागाच्या वजनाचा भार येतो. ते जुळलेले नसले, तर जड बाजू बेअरिंगला सतत बाहेरच्या दिशेने ओढत राहते, आणि ही ओढ भागाबरोबरच फिरत असल्यामुळे इंजिनाचा सांगाडा, चासी, स्टिअरिंग आणि अखेर चालकाचे हात थरथरू लागतात. या विसंगतीला असंतुलन म्हणतात. कुंभाराच्या चाकावर मातीचा गोळा मधोमध बसलेला नसला, तर चाक संथ असेपर्यंत खोट जाणवत नाही, वेग वाढताच मात्र गोळा हाताला धक्के देऊ लागतो. इंजिनातील असंतुलनाचा स्वभाव असाच आहे.

या ओढीचे गणित सोपे असले, तरी तिची वाढ दचकवणारी आहे. जादा वस्तुमान, अक्षापासून त्याचे अंतर आणि कोनीय वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराइतके बल निर्माण होते. म्हणजेच फेरे दुप्पट झाले की बल चौपट होते. अक्षापासून १० सेंटिमीटरवर असलेला अवघा १ ग्रॅमचा जादा तुकडा मिनिटाला ३,००० फेऱ्यांच्या वेगाने फिरू लागला, की तो बेअरिंगला सुमारे १ किलोच्या वजनाइतक्या बलाने ओढतो, तेही सेकंदाला ५० वेळा दिशा बदलून. जुन्या मोटारीतील कंप कमी वेगाला जवळपास लुप्त असतो आणि ठरावीक वेगानंतर अचानक असह्य होतो, याचे एक मोठे कारण या वर्गाच्या नियमात आहे.

ब्रिटनमधील व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब १९१९ ते १९३० या काळात तयार झालेल्या मोटारींना व्हिंटेज म्हणतो. या काळातील मोटारींच्या निदानाची पद्धत समजून घेण्यासाठी फोर्ड कंपनीची 'मॉडेल ए' ही मोटार फार उपयोगी ठरते. १९२७ च्या अखेरीस बाजारात आलेल्या आणि १९३१ पर्यंत लाखोंच्या संख्येने बनलेल्या या मोटारीत चार सिलिंडरांचे, सुमारे ३.३ लिटरचे, मिनिटाला २,२०० फेऱ्यांना ४० अश्वशक्ती देणारे इंजिन होते. तिच्या क्रँकशाफ्टला तीन मेन बेअरिंगांचा आधार होता आणि मूळ रचनेत प्रतिभार, म्हणजे क्रँकच्या उलट बाजूला ओतलेली समतोलाची वजने, नव्हती. फ्लायव्हील सुमारे २८ किलोचे होते. आज जगभर या मोटारी पुन्हा रस्त्यावर आणल्या जात असल्याने त्यांच्या कंपाची कारणेही बारकाईने तपासली गेली आहेत.

जन्मजात कंप आणि नंतर आलेला कंप

निदानाला हात घालण्यापूर्वी एक भेद स्पष्ट करावा लागतो. काही कंप इंजिनाच्या रचनेतच असतो; तो कोणत्याही कारागिराला काढता येत नाही आणि तो दोषही ठरत नाही. एका रांगेतील चार सिलिंडरांच्या इंजिनात पहिला आणि चौथा पिस्टन वर जात असताना दुसरा आणि तिसरा खाली येतात, त्यामुळे क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा येणारी प्राथमिक बले आपसांत मिटतात. परंतु कनेक्टिंग रॉड तिरका होत असल्यामुळे वरच्या टोकाजवळ असणारा पिस्टन खालच्या टोकाजवळच्या पिस्टनपेक्षा अधिक झपाट्याने वेग बदलतो, आणि या फरकातून उरलेले दुय्यम बल प्रत्येक फेऱ्याला दोनदा इंजिनाला वर-खाली हलवते. चारही पिस्टनांचे हे उरलेले बल एकाच दिशेने काम करते, म्हणून चार सिलिंडरांचे जुने इंजिन कितीही काटेकोर जुळवले, तरी वरच्या वेगाला त्याची थरथर राहतेच.

मोटार अभियांत्रिकीचा एक मोठा अध्याय या थरथरीवर उपाय शोधण्यात गेला. इंग्रज अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस परस्परविरुद्ध फिरणारे दोन क्रँकशाफ्ट असलेले इंजिन बनवले, आणि पुढे चार सिलिंडरांच्या दुय्यम बलावर उतारा म्हणून क्रँकच्या दुप्पट वेगाने परस्परविरुद्ध दिशांनी फिरणाऱ्या विकेंद्री दांड्यांची कल्पना मांडली; ही कल्पना १९७० च्या दशकात मित्सुबिशी कंपनीने नव्याने प्रचारात आणली. कॅडिलॅकने १९२३ मध्ये व्ही-८ इंजिनासाठी क्रँकची चारही बोटे (कनेक्टिंग रॉड जोडण्याच्या पिना) दोन काटकोनी प्रतलांत बसवून आणि त्यांना प्रतिभार जोडून आधीच्या एकप्रतली क्रँकचा दुय्यम कंप घालवला. शेव्हरोलेटने १९२९ च्या मॉडेलांसाठी सहा सिलिंडरांचे इंजिन स्वस्त मोटारीत आणले. एका रांगेतील सहा सिलिंडरांत प्राथमिक आणि दुय्यम अशी दोन्ही बले आपोआप मिटतात. मुंबईत शिवडी येथे जनरल मोटर्सचा जुळणी कारखाना १९२८ मध्ये सुरू झालेला असल्याने चार आणि सहा सिलिंडरांमधला हा फरक इथल्या ग्राहकांपर्यंतही लवकरच पोहोचला. क्रायस्लर कंपनीने १९३१ मध्ये प्लिमथ मोटारीत वेगळी वाट धरली : चार सिलिंडरांचा कंप तसाच ठेवून इंजिन रबरी आधारांवर अशा रीतीने टांगले, की ते स्वतःच्या गुरुत्वमध्याजवळून जाणाऱ्या अक्षाभोवती डोलत राहील आणि चासीला धक्का देणार नाही. 'मॉडेल ए'मध्ये असा मऊ आधार नव्हता. तिच्या इंजिनाचा मागचा भाग चासीला घट्ट बोल्ट केलेला असे, आणि म्हणून तिच्यातील असंतुलनाचा प्रत्येक ग्रॅम आसनापर्यंत पोहोचतो.

क्रँकशाफ्टला पीळ पडून सुटण्याने होणारा मरोडी कंप हा आणखी वेगळा प्रकार आहे. तो विशेषतः सहा सिलिंडरांच्या लांब क्रँकशाफ्टना ग्रासतो, वेगाच्या अरुंद पट्ट्यातच उद्भवतो आणि त्या पट्ट्याच्या वर-खाली नाहीसा होतो. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हेन्री रॉइस आणि लँचेस्टर या दोघांनी त्यावर घर्षणाने कंप शोषणारे डॅम्पर बसवले. असंतुलनाचा कंप याच्या उलट वेगाबरोबर चढतच जातो. त्यामुळे कंप चढत जातो की विशिष्ट वेगाला येऊन मावळतो, हा निदानातील पहिला महत्त्वाचा प्रश्न असतो. अर्थात बॉनेट, मडगार्ड किंवा स्टिअरिंगचा दांडा आपापल्या नैसर्गिक वारंवारतेला घुमू लागले, तर असंतुलनाचाही भास विशिष्ट वेगापुरता होऊ शकतो, आणि म्हणून एका खुणेवर निर्णय देता येत नाही.

इंजिन की गाडीचा मागचा भाग?

निदानाचा सारा भर वेगळे करण्यावर असतो. जाणकार मिस्त्री प्रथम इंजिनाचे सगळे सिलिंडर नीट काम करतात की नाही हे तपासतो, कारण एखादा सिलिंडर मिसिंग करत असेल तर त्याचा धक्का चार टप्प्यांच्या चक्रामुळे क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा बसतो आणि संथ वेगालाच अधिक जाणवतो. प्लग, ठिणगी, कॉम्प्रेशन आणि कार्ब्युरेटर यांची तपासणी झाल्यावर इंजिनाचे माउंटिंग, त्याचे बोल्ट आणि चासीच्या तडा गेलेल्या पट्ट्या पाहिल्या जातात. हे निकोप आढळल्यावर मग फिरणाऱ्या भागांकडे वळायचे.

पुढची परीक्षा रस्त्यावर होते, आणि 'मॉडेल ए'च्या बाबतीत तिचे आकडे बोलके आहेत. मूळ मापाचे टायर आणि ३.७८ हे मागच्या धुऱ्याचे गुणोत्तर धरले, तर ताशी सुमारे ६४ किलोमीटरला वरच्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला साधारण १,७०० फेरे घेते. या मोटारीचा वरचा गिअर थेट असल्यामुळे गिअरबॉक्समागचा प्रोपेलर शाफ्टही नेमक्या त्याच वेगाने फिरतो. परिणामी या गिअरमध्ये जाणवलेला कंप इंजिनाचा आहे की शाफ्टचा, हे केवळ फेऱ्यांवरून सांगणे अशक्य असते. दुसऱ्या गिअरचे गुणोत्तर १.८५ आहे, म्हणून त्यात इंजिनाचे तेच १,७०० फेरे ताशी सुमारे ३५ किलोमीटरला गाठले जातात. दुसऱ्या गिअरमध्ये ३५ च्या आसपास तोच कंप पुन्हा आला, तर तो इंजिनाच्या फेऱ्यांना बांधलेला आहे. गिअर कोणताही असो, तो ६४ लाच येत असेल, तर शाफ्ट, चाके किंवा ब्रेकचे ड्रम यांचा शोध घ्यावा लागतो. त्याच वेगाला गिअर न्यूट्रलमध्ये टाकून गाडी आपोआप धावू दिली, की या निष्कर्षाची खात्री पटते.

यानंतर गाडी उभी करून, न्यूट्रलमध्ये इंजिन हळूहळू रेस करून कंपाची चढण पाहिली जाते, आणि वरच्या वेगाला नेऊन इग्निशन बंद केले जाते. स्फोट थांबल्यावर इंजिन मंदावत असताना जे काही क्षण मिळतात ते फार मोलाचे असतात, कारण त्या वेळी ज्वलनाचा दोष संपलेला असतो आणि उरलेला कंप निव्वळ फिरणाऱ्या व वर-खाली होणाऱ्या वस्तुमानांचा असतो. आज मोबाइल फोनमधील त्वरणमापकानेही कंपाची वारंवारता मोजता येते. मिनिटाला १,२०० फेरे असताना क्रँक सेकंदाला २० फेरे घेतो. त्या वेळी मोजणीत २० हर्ट्झचा ठसा उठून दिसला तर असंतुलनाचा संशय बळावतो, १० हर्ट्झचा दिसला तर दुबळ्या सिलिंडराकडे पाहावे लागते, आणि ४० हर्ट्झचा ठसा चार सिलिंडरांच्या स्फोटांमुळे व दुय्यम बलामुळे निरोगी इंजिनातही असतो.

एकेक भाग बाजूला करताना

कंप क्रँकच्या फेऱ्यांना बांधलेला आहे हे ठरल्यावर, इंजिन उघडण्याआधी बाहेरून जितके भाग थांबवता येतील तितके थांबवून पाहिले जातात. 'मॉडेल ए'मध्ये पंखा, पाण्याचा पंप आणि डायनॅमो हे तिन्ही एकाच पट्ट्यावर चालतात. पट्टा काढून थंड इंजिन दोन-चार मिनिटे चालवले आणि कंप नाहीसा झाला, तर दोष या तिघांपैकी एकात आहे हे सिद्ध होते. या मोटारीच्या मूळ दोनपाती पंख्याकडे विशेष लक्ष द्यावे लागते. त्याची पाती पोलादी पत्र्याच्या दोन दाबीव अर्ध्या भागांची ठिपक्या-ठिपक्यांनी वेल्डिंग करून जोडलेली असतात आणि आतून पोकळ असतात. अनेक दशकांच्या ओलाव्याने आत गंज साचतो, एका पात्याचे वजन बदलते, मुळाशी बारीक तडा जातो, आणि बाहेरून रंगवलेला सुबक पंखा प्रत्यक्षात धोकादायक झालेला असतो. असे पाते तुटून रेडिएटर किंवा बॉनेट फाडून बाहेर गेल्याच्या घटना या मोटारींच्या मालकांना चांगल्या परिचयाच्या आहेत. म्हणून तडा गेलेल्या पंख्याचा समतोल करण्याच्या फंदात न पडता तो बदलणे हाच उपाय मानला जातो.

क्लचची परीक्षाही गाडी उभी असतानाच होते. गिअर न्यूट्रलमध्ये असताना क्लचचे पॅडल वर असेल, तर क्लचप्लेट आणि गिअरबॉक्सचा आत येणारा शाफ्ट इंजिनाबरोबर फिरतात; पॅडल दाबले की ते थांबतात, पण फ्लायव्हीलला बोल्ट केलेली प्रेशर प्लेट फिरतच राहते. पॅडल दाबताच कंप गेला, तर क्लचप्लेट किंवा तो शाफ्ट दोषी; कंप तसाच राहिला, तर फ्लायव्हील, प्रेशर प्लेट किंवा क्रँक. प्रेशर प्लेट मूळ जागेपासून अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवली आणि कंपाचा जोर बदलला, तर तिच्या स्वतःच्या असंतुलनाचा वाटा लक्षात येतो.

फ्लायव्हील हा या साखळीतील सर्वांत वजनदार दुवा असल्याने त्याच्या किरकोळ सरकण्यालाही मोठी किंमत मोजावी लागते. २८ किलोचे फ्लायव्हील क्रँकच्या तोंडावर ०.१ मिलिमीटर इतके जरी बाजूला बसले, तरी २,२०० फेऱ्यांना ते सुमारे १५ किलोच्या वजनाइतक्या बलाने ओढते. अर्ध्या वेगाला हीच ओढ चार किलोच्या आत असते. जागा पक्की करणाऱ्या डॉवेल पिना झिजणे, क्लच बसवण्यासाठी कधी काळी झालेले चुकीचे टर्निंग, दात्यांची नवी रिंग बसवताना झालेला तिरकेपणा अशा अनेक कारणांनी हे घडते. क्रँकच्या तोंडावर गंजाचा पापुद्रा किंवा घाण राहिली, तर फ्लायव्हील कलून बसते आणि डोलू लागते. म्हणून वजनाचा विचार करण्याआधी डायल गेज लावून कड आणि तोंड या दोन्ही बाजूंचा रनआउट, म्हणजे एका फेऱ्यात होणारी आत-बाहेर हालचाल, मोजली जाते. रनआउट न सुधारता समतोल करणे म्हणजे एका चुकीला दुसऱ्या चुकीने झाकणे होय.

बेअरिंगांचा एक दोष समतोलाच्या यंत्रालाही दिसत नाही, आणि 'मॉडेल ए'च्या निदानात नेमका तोच बरेचदा निसटतो. प्रतिभार नसलेला क्रँकशाफ्ट एकंदरीत समतोल असला, तरी त्याच्या पुढच्या दोन बोटांची जोडी एका दिशेने आणि मागच्या दोन बोटांची जोडी उलट दिशेने वळवण्याचे बल निर्माण करते; दोन्ही बले मिटतात, पण ती मिटण्यासाठी क्रँकला वाकावे लागते आणि मधल्या बेअरिंगला तो ताण सोसावा लागतो. या मोटारीची बेअरिंगे बॅबिट या मऊ पांढऱ्या धातूची, इंजिनातच ओतून घासलेली असतात. मधल्या बेअरिंगचा बॅबिट झिजला, की वरच्या वेगाला क्रँक धनुष्यासारखा लवतो, आणि पूर्ण समतोल केलेला क्रँकही इंजिनात बसल्यावर थरथरतो. बेअरिंगची तपासणी झाल्याशिवाय क्रँक समतोलासाठी पाठवण्यात अर्थ नसतो, तो यामुळेच.

ग्रॅम मोजणारी विद्या

दोष सापडल्यावर समतोलाचे काम सुरू होते, आणि तिथे असंतुलनाच्या दोन रूपांतला भेद समजून घ्यावा लागतो. स्थिर असंतुलनात वस्तुमान एका बाजूला जास्त असते. भाग समपातळीतल्या दोन धारदार पट्ट्यांवर ठेवला, की जड बाजू आपोआप खाली येते. गतिक असंतुलनात एका टोकाला एका बाजूचे आणि दुसऱ्या टोकाला विरुद्ध बाजूचे वजन जास्त असते; असा भाग पट्ट्यांवर कुठेही स्थिर राहतो, पण फिरू लागताच दोन्ही टोकांना उलट दिशांनी झटके देतो. हे दुसरे रूप भाग फिरवल्याखेरीज कळत नाही. १९०७ च्या सुमारास जर्मन अभियंता फ्रान्झ लावाचेक याने फिरत्या भागाचा समतोल करणारे यंत्र बनवले आणि दार्मश्टाटच्या कार्ल शेंक कंपनीने त्याच्या उत्पादनाचे हक्क घेतले. त्यानंतर समतोल हा केवळ हाताच्या अंदाजाचा विषय उरला नाही. १९३४ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या ई. एल. थर्ल याने यंत्र जागेवर असतानाच चाचणी-वजने लावून दोन प्रतलांत समतोल साधण्याची रीत प्रसिद्ध केली. माहीत असलेले वजन माहीत असलेल्या जागी लावायचे, कंपात पडलेला फरक मोजायचा आणि त्यावरून मूळ असंतुलनाची जागा व मात्रा काढायची, हे तिचे सूत्र आजही वापरले जाते.

सपाट फ्लायव्हीलसाठी स्थिर समतोल बहुतेक वेळा पुरतो. लांब क्रँकशाफ्टला मात्र दोन प्रतलांत गतिक समतोल लागतो. त्यापूर्वी पिस्टन एकमेकांशी ग्रॅमच्या हिशेबात जुळवले जातात आणि प्रत्येक कनेक्टिंग रॉडचे दोन्ही टोकांना वेगवेगळे वजन केले जाते, कारण मोठे टोक क्रँकबरोबर फिरते आणि लहान टोक पिस्टनबरोबर वर-खाली होते. दोन रॉडचे एकूण वजन सारखे असूनही त्यांची टोके जुळलेली नसली, तर कंप राहतोच. रांगेतील चार सिलिंडरांत बोटे समोरासमोर असल्याने, सारे रॉड जुळवल्यावर फिरणारी वजने आपसांत मिटतात आणि क्रँक एकटाच यंत्रावर चढवता येतो.

किती समतोल पुरेसा, यालाही मोजमाप आहे. फ्लायव्हीलसाठी आंतरराष्ट्रीय मानकांत रूढ झालेली जी ६.३ ही श्रेणी घेतली, तर २८ किलोच्या फ्लायव्हीलला २,२०० फेऱ्यांसाठी सुमारे ७७० ग्रॅम-मिलिमीटर, म्हणजे कडेजवळ १५ सेंटिमीटरवर साधारण ५ ग्रॅम, इतकी सूट मिळते. ०.१ मिलिमीटर सरकलेले फ्लायव्हील या मर्यादेच्या जवळपास चौपट असते. जड बाजूचा धातू कडेजवळच्या जाड भागात उथळ छिद्रे पाडून कमी केला जातो. वजन जोडण्यापेक्षा काढणे पसंत केले जाते, कारण जोडलेला तुकडा वेगात सुटला तर गोळीसारखा जातो. आधी क्रँक, मग त्याला फ्लायव्हील जोडून, शेवटी प्रेशर प्लेट लावून अशा क्रमाने काम होते आणि प्रत्येक टप्प्याला पंचाने खूण केली जाते, जेणेकरून पुढे कधी क्लच बदलावा लागला, तरी आधीचा समतोल टिकून राहील. पुणे, मुंबई, कोल्हापूर अशा औद्योगिक शहरांत पंपांचे आणि पंख्यांचे रोटर समतोल करणाऱ्या कार्यशाळा आहेत, आणि त्यांच्या यंत्रांवर जुन्या फ्लायव्हीलचे काम उत्तम होऊ शकते. मात्र तिथे भाग पाठवताना त्याची मूळ जागा, खुणा आणि अपेक्षित फेरे लिहून देणे गरजेचे असते.

भारतात या साऱ्या शिस्तीला आता कायद्याचीही पार्श्वभूमी आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जपलेल्या आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेल्या खासगी वाहनांची व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी होते. कंप असह्य झाला म्हणून जुन्या मोटारीत दुसरे इंजिन घालणे किंवा चासीवर नवे रबरी आधार वेल्ड करणे सोपे असते, पण त्यातून ती मोटार आपल्या काळाची साक्ष देणे सोडून देते. निदान करून काढलेले चार-पाच ग्रॅम धातू, जागेवर आणलेले फ्लायव्हील आणि नव्याने ओतलेले बॅबिट यांनी मात्र मूळ इंजिन मूळच राहते, आणि त्या काळच्या अभियंत्यांनी स्वीकारलेली दुय्यम थरथर तेवढी शिल्लक उरते. ती थरथर जपायची आणि झीज, गंज व चुकीच्या दुरुस्तीने आलेला कंप काढून टाकायचा, हा विवेक जुन्या मोटारींच्या जतनाचा गाभा आहे. आणि प्रत्येक मोजमाप, प्रत्येक खूण व काढलेला प्रत्येक ग्रॅम लिहून ठेवणारा कारागीर तो विवेक पुढच्या पिढीच्या हाती सोपवतो.